लसणाच्या दिवसांतले पाहुणे

त्या सकाळी भय्यासाहेबाच्या वावरात लसूण उपटायचं काम चाललं होतं, आणि लसणाबरोबर नवरा-बायकोचं भांडणही मुळासकट वर येत होतं. त्यांचा आमचा बांध एकच. मी माझ्या गव्हाच्या ओंब्या तळहातावर चोळून बघत उभा होतो. ऐकू नये म्हटलं तरी सगळं ऐकू येत होतं, आणि हळू बोलायची गरज दोघांनाही वाटत नव्हती.

"किती जनं हाईत?" विनोदिनीवहिनीनं विचारलं. खुरपी चालूच होती.

"सात-आठ असतील."

"सात का आठ?"

"नऊ म्हनला जयंत. ड्रायव्हर वेगळा."

खुरपी थांबली. "जयंत कोन?"

"अगं, आपल्या ग्वाल्हेरच्या आत्याच्या जावेचा भाचा. पुण्याला असतो. लग्नात आलता की आपल्या."

"आपल्या लग्नात तो पाळन्यात असंल. बरं, तो एक झाला. बाकीचे आठ?"

भय्यासाहेब पागोट्याच्या फडक्यानं तोंड पुसत राहिला. मग म्हणाला, "बायको हाय, वडील हाईत. अन् त्यांच्या बिल्डिंगीतले शेजारी हाईत काही."

"म्हंजे शेजाऱ्याचे शेजारी आता आपले पाहुने. सुधाकरभावजी, ऐकताय का हो?"

मी ओंब्या बघायला लागलो. अशा वेळी कान नसलेले बरे.

तुम्हाला आमचं गाव ठाऊक नसणार, म्हणून सांगतो. उज्जैनहून भैरवगडच्या पुढं निघालं की रस्त्याच्या उजव्या अंगाला सेमलखेडी लागते. गाव सगळं मालवी माणसांचं. मराठी घरं दोनच, एक निकमांचं आणि एक आमचं. दोघांचे पूर्वज शिंदेशाहीत सरकारी पागेवर होते. घोडी गेली, पागा गेली, इनामाच्या जमिनीचे तुकडे होत होत एवढं वावर राहिलं. आमच्या घरानं ते कधीच मान्य केलं. भय्यासाहेब निकमानं अजून केलेलं नाही. नाव भय्यासाहेब, बसणं दिवाणासारखं, आणि हातात लसणाची जुडी.

पूर्वी आमच्याकडं कुणी फिरकत नव्हतं. महाराष्ट्रातल्या नातेवाइकांना आम्ही आहोत की संपलो हेही माहीत नसावं. मग महाकालाच्या देवळापुढं महाकाल लोक नावाचं ते भलंमोठं आवार झालं, टीव्हीवर दिसलं, मोबाइलवर दिसलं, आणि साऱ्या महाराष्ट्राला आमची आठवण यायला लागली. साडूचे भाऊ आले, भावाचे साडू आले. एकदा एक कुटुंब दोन दिवस राहून, जेवून, निघताना म्हणालं, "तुम्ही देशमुखच ना?" भय्यासाहेब म्हणाला, "निकम." ते म्हणाले, "असू दे, सारखंच."

पाहुणा आला की भय्यासाहेब धुतलेला सदरा घालायचा आणि गाडीत पुढं बसून गाइड व्हायचा. काळभैरव, मंगळनाथ, सांदीपनी, रामघाट, वेधशाळा. रामघाटावर हात लांब करून म्हणायचा, "इथं आमच्या पंजोबांची घोडी पानी प्यायची." कुठल्या घाटावर कुठल्या पंजोबांची, ते दर खेपेला बदलायचं. इकडं विनोदिनीवहिनी सकाळी पुऱ्या तळायची, दुपारी वावरात राबायची, संध्याकाळी पुन्हा चुलीपुढं. भय्यासाहेबानं वेधशाळा इतक्यांदा बघितली होती की तिथला चौकीदार त्याला तिकीट मागत नव्हता. वहिनीनं एकदाही बघितली नव्हती. लग्न होऊन आली तेव्हा महाकालाच्या पायावर घातली होती, तेवढंच. डोक्यावरून पदर इतका खाली होता, की पुढच्या बाईच्या टाचांशिवाय काही दिसलं नाही, असं ती माझ्या बायकोला, जयूला, सांगायची.

तर संध्याकाळी उज्जैनहून भाड्याची ट्रॅव्हलर आली. जयंत खाली उतरला, चष्मा कपाळावर, आणि म्हणाला, "भय्यासाहेब, काय हवा आहे हो तुमच्याकडे." हवा चांगलीच होती, फक्त तिला लसणाचा वास होता. त्याची बायको मानसी गाडीतून उतरतानाच मोबाइल समोर धरून बोलत होती, "आणि हे बघा, आपण पोचलोय खऱ्याखुऱ्या माळव्यातल्या खेड्यात." मागून जयंतचे वडील दत्तात्रयकाका गुडघ्यावर हात ठेवून हळूहळू उतरले. बँकेतून रिटायर झालेले, अबोल माणूस. बाकीचे सहा कोण होते ते शेवटपर्यंत मला समजलं नाही. बहुधा जयंतलाही त्यातल्या दोघांची नावं येत नव्हती.

पाहुण्यांसाठी भय्यासाहेबानं एक खोली पक्की बांधून घेतली होती, फरशी घालून. घरातली एवढी एकच खोली गळत नव्हती. तिथं गाद्या पडल्या. रात्रीचं जेवण झालं, दालबाटी आणि वरून तुपाची धार, आणि आम्हीही बोलावले गेलो होतो. पाहुणे हात चाटत होते.

मानसी म्हणाली, "वहिनी, तुम्ही किती भाग्यवान. महाकाल अगदी अंगणात. तुम्ही तर रोज जात असाल."

"न्हाई जात."

"मग दर सोमवारी?"

"न्हाई."

"महाकाल लोक तरी बघितलंच असेल ना."

"तुमच्यासारख्यांकडून ऐकलंय. तिथं चपला हरवतात अन् दगडावर पाय भाजतात, एवढं माहीत हाय."

सगळे हसले. भय्यासाहेबही हसला आणि म्हणाला, "हिला काय, कधी पन जाता येतंय. घरचाच देव हाय."

मग जयंतनं उद्याचा बेत सांगितला. पहाटे निघायचं, ऊन व्हायच्या आत काळभैरव, मग महाकाल, मग वेधशाळा, मग जमेल ते. सोबत पुरी-भाजी असली की बाहेरचं खायला नको, पोटं बिघडतात. "वहिनी, नऊ जणांची. जमेल ना?" वहिनी म्हणाली, "जमंल की." जयूनं माझ्याकडं बघितलं. मला तेव्हा काही समजलं नाही.

पहाटे वहिनीनं पुऱ्या तळल्या. डब्यांत भरल्या, बटाट्याची भाजी वेगळी, मिरचीचं लोणचं वेगळं. मग आत गेली आणि भैरवगडी छाप्याची, दिवाळीला घेतलेली साडी नेसून बाहेर आली. पाहुणे गाडीत चढत होते. भय्यासाहेब धुतलेल्या सदऱ्यात पुढच्या सीटवर बसला होता. वहिनीनं डबे गाडीत ठेवले आणि दार उघडून त्याला म्हणाली, "उतरा."

"काय राहिलं का?"

"तुम्ही राहिलात. लसूण वाळत पडलाय, त्याच्याजवळ थांबायला कोनतरी पायजे. मी जाते ह्यांच्यासंगं."

भय्यासाहेब हसला. चेष्टा वाटली त्याला. वहिनी दार धरून उभीच राहिली.

"अगं, पन ह्यांना रस्ते कोन दाखवनार?"

"ड्रायव्हर उज्जैनचा हाय. का भिया, रस्ता मालूम है ना?"

ड्रायव्हर म्हणाला, "भाभीजी, फ्रीगंज में पैदा हुआ हूँ. आँख बंद करके घुमा दूँ."

"घ्या. उतरा आता."

एवढ्यात आमच्या घरातून जयू निघाली. तीही साडी बदलून. मला म्हणाली, "पोळ्या झाकून ठेवल्यात. भाजी तुमची तुम्ही करा." आणि गाडीकडं चालायला लागली. जयंत गोंधळला. "वहिनी, पण जागा... आम्ही नऊ, आणि तुम्ही दोघी."

तेव्हा दत्तात्रयकाका पहिल्यांदा बोलले. "माझी जागा घ्या. माझे गुडघे देवळांना कंटाळलेत. मी इथंच बसतो निवांत." आणि खरंच उतरून ओट्यावर जाऊन बसले. भय्यासाहेबाला मग बसून राहणं शोभेना. तो उतरला, वहिनी त्याच्या जागेवर बसली, गाडी गेली. धूळ खाली बसेपर्यंत भय्यासाहेब तिथंच उभा.

पुढचं जयूनं सांगितलं तसं सांगतो.

काळभैरवाला मंडळी दारूच्या बाटल्या घेऊन रांगेत उभी राहिली. पुजाऱ्यानं बशी देवाच्या ओठाला लावली, बशी रिकामी झाली, पाहुण्यांनी तोंडं वासली. वहिनी बराच वेळ देवाकडं बघत राहिली आणि जयूला म्हणाली, "बाटली सगळे आनतात. जेवलास का म्हनून कुनी इचारत न्हाई ह्याला."

महाकालाला गर्दी फार. मोबाइल-बिबाइल बाहेर ठेवायचे, पिशव्या बाहेर, चपला बाहेर. मानसी म्हणाली, "वहिनी, तुम्ही दोघी सामान धरून बसता का इथं सावलीत? आमचं दर्शन उरकतो पटकन. तुम्हाला काय, कधीही येता येईल."

वहिनीनं पिशव्या घेतल्या. सगळ्यांच्या घेतल्या, खांद्याला लावल्या, आणि नेऊन जयंतच्या हातांत दिल्या. "भावजी, तुम्ही बसा. मी जाऊन येते. तुमचं येनं तर आता दरसाल होनार." आणि जयूचा हात धरून रांगेत शिरली. जयंत पिशव्या धरून उभा. मागं फिरून बघावं असं जयूला वाटत होतं, पण वहिनीनं बघू दिलं नाही.

आत रांगेतून पुढं ढकलत नेतात, क्षणभर दिसतं न दिसतं. बाहेर आल्यावर जयूनं विचारलं, "दिसलं का?" वहिनी म्हणाली, "दिसलं. आवंदा पदर वर होता." मग त्या मोठ्या दगडी रस्त्यानं, मूर्तींमधून, तळ्याकाठानं दोघी सावकाश चालल्या. पाहुणे पुढं जाऊन थांबायचे, फोटो काढायचे, घड्याळ बघायचे. जयंत मागं येऊन म्हणायचा, "वहिनी, अजून वेधशाळा आहे, सांदीपनी आहे, मंगळनाथ आहे." वहिनी म्हणायची, "हाय तिथंच हाईत ती. कुठं जातात."

वेधशाळेत मोठं दगडी यंत्र आहे, जिन्यासारखं वर गेलेलं, आणि दोन्ही बाजूंना कमानी. त्याची सावली कमानीवर पडते, तीवरून वेळ समजते. चौकीदार पाहुण्यांना सांगत होता. पाहुण्यांनी सावली बघितली, घड्याळ बघितलं, जुळतंय म्हणून माना डोलावल्या, जिन्यापुढं उभे राहून फोटो काढले, आणि गाडीकडं निघाले. वहिनी कमानीपाशी खाली बसली.

जयंत आला. "वहिनी, चला. झालं बघून."

"सावली सरकती म्हनाला ना तो मानूस. ती सरकताना बघते."

"अहो, त्याला वेळ लागेल. एवढं हळू असतं ते."

"लागू द्या की."

बाहेर हॉर्न वाजला. परत वाजला. मानसी येऊन म्हणाली, "वहिनी, सगळे खोळंबलेत. आपण पंधरा मिनिटांत सगळं बघतो, तुम्ही एकाच ठिकाणी..."

"ताई, तुम्ही जावा. सांदीपनी बघा, मंगळनाथ बघा. आम्ही येतो बसनं. आमचंच गाव हाय, हरवनार न्हाई."

पाहुणे गेले. पुऱ्यांचे डबे मात्र वहिनीजवळ राहिले, कारण महाकालाहून निघताना डब्यांची पिशवी तिनं परत आपल्याकडं घेतली होती, आणि उतरताना कुणाच्या ध्यानात आलं नाही. दोघींनी तिथंच चौकीदाराच्या बायकोला बोलावून पुरी-भाजी खाल्ली. जयू म्हणते, सावली सरकताना दिसत नाही. बोट ठेवून बघितलं तरी दिसत नाही. पण बोलता बोलता नजर वळवून परत बघावं तर रेघ सोडून पुढं गेलेली असते. वहिनी त्यावर लहान पोरीसारखी हसली.

मग सावली फिकी झाली आणि पुसून गेली. दोघींनी वर बघितलं. मावळतीकडून ढग चढत होता, काळा, खालून पिवळसर. ह्या दिवसांत असा ढग आला की त्यात गारा असतात, हे आमच्याकडं पोरालाही ठाऊक.

जयू उठली. "वहिनी, लसूण उघडा हाय तुमचा. चला लवकर."

वहिनी ढगाकडं बघत राहिली. जयू सांगते, तिच्या टाचा उठल्या होत्या, अंगठे जमिनीत रुतले होते. मग ती परत टेकली. "ढग काय एकट्या उज्जैनवर आला हाय का? गावात पन दिसत असंल. डोळे हाईत त्यांना. मला रामघाट बघायचाय."

आता इकडचं ऐका, हे माझ्या डोळ्यांदेखतचं. ढग आम्हालाही दिसला. भय्यासाहेब वावरात धावला, मी धावलो. चार दिवसांचा उपटलेला लसूण ओळीनं पसरलेला. भिजला की काळा पडतो, मग मंडीत कुणी हात लावत नाही. भय्यासाहेब मध्येच थांबला. "सुधाकर, ताडपत्री कुठं असती रे?"

"तुझ्या घरातली मला काय ठाऊक?"

त्यानं वहिनीला फोन लावला. मी शेजारीच होतो, तिकडचं बोलणं ऐकू येत होतं. मागं घंटा वाजत होत्या.

"ताडपत्री कुठं हाय?"

"भुशाच्या खोपीत, मोटरीच्या मागं."

"ती फाटलेली हाय."

"ती फाटलेलीच हाय. दोन वर्षं सांगते, नवी आना."

"मग आता काय करू?"

"घरात भरा."

"कुठं भरू? सगळं घर गळतंय."

वहिनी म्हणाली, "एक खोली गळत न्हाई ना. ठेवते, आरती सुरू झाली."

भय्यासाहेब फोनकडं बघत राहिला. मग वारा सुटला आणि बघत बसायची सोय राहिली नाही. आम्ही दोघं लसणाच्या जुड्या कवेत घेऊन पळत होतो. दत्तात्रयकाका ओट्यावरून उठले, धोतर खोचलं आणि दारात उभं राहून आमच्या हातांतल्या जुड्या घेऊन आत रचायला लागले. गुडघ्यांचं काही बोलले नाहीत. पहिली गार पत्र्यावर वाजली तेव्हा निम्मं वावर रिकामं झालं होतं. तेवढ्यात ट्रॅव्हलर आली. उपाशी, वैतागलेले पाहुणे उतरले, आणि भय्यासाहेबानं कधी नव्हे ते घराण्याची इभ्रत बाजूला ठेवून जयंतला म्हटलं, "हात लावा जरा."

जयंतनं लावला. त्याच्या वडिलांनी त्याच्याकडं बघितलं म्हणून लावला. मग शेजाऱ्यांनी लावला. मानसीनं थोडा वेळ मोबाइल धरला, मग गारा लागायला लागल्या तसा तो पदराखाली घातला आणि तीही जुड्या उचलायला लागली. कोपऱ्यातल्या दोन ओळी भिजल्या, बाकी लसूण वाचला. सगळा पाहुण्यांच्या खोलीत. गाद्या कुठं गेल्या ते दिसेना. लसूण खिडकीच्या गजांपर्यंत आला होता.

गारा थांबल्या. सगळे ओट्यावर ओलेचिंब. एका शेजाऱ्यानं विचारलं, "जेवायला काय आहे?"

भय्यासाहेबानं माझ्याकडं बघितलं. मी आमच्या घरातल्या झाकलेल्या पोळ्या आणल्या. त्या किती पुरणार? मग त्यानं खिचडी टाकली. फोडणीला लसूण तेवढा भरपूर होता. खाली लागली, वरून कच्ची राहिली. दत्तात्रयकाका सोडले तर कुणी दुसऱ्यांदा घेतली नाही.

मानसीनं खोलीचं दार उघडलं आणि पदर नाकाला लावून मिटलं. "ह्यात झोपायचं?"

भय्यासाहेब म्हणाला, "बाजूला सारू की थोडा."

नवरा-बायको गाडीशी जाऊन कुजबुजले. मग जयंत आला. "भय्यासाहेब, तुम्हाला उगाच त्रास. आम्ही फ्रीगंजात हॉटेल बघतो. पहाटे पुण्याची रेल्वे पण पकडायची आहे." पहाटेची गाडी आत्ताच ठरली होती, हे आम्हा सगळ्यांना समजलं. भय्यासाहेबानं आग्रह केला, पण एकदाच. एरवी तो तीनदा करायचा. दत्तात्रयकाकांनी मात्र त्याचा हात धरला आणि म्हणाले, "वहिनींना सांगा, आजचा दिवस छान गेला."

शेवटच्या बसनं दोघी उतरल्या. चिखल चुकवत, हातात चपला. वहिनीनं पहिल्यांदा वावराकडं बघितलं, मग खोलीचं दार उघडलं. बराच वेळ दारात उभी राहिली.

भय्यासाहेब चुलीपाशी करपलेलं पातेलं घासत होता. न वळता म्हणाला, "पाहुने गेले."

"न जेवता?"

"जेवून गेले. म्हनून गेले."

वहिनी ओट्यावर बसली, पाय लांब केले. तो चहा घेऊन आला. चहात साखर जास्त होती, तरी तिनं तो संपवला. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "रामघाट बघितला?"

"बघितला."

"तिथं आमच्या पंजोबांची घोडी..."

"तिथं गर्दी इतकी हाय, घोडी उभी कुठं राहायची? पन तिकडं गारा न्हाई पडल्या, दिवे सोडतात ते चांगले दिसतात. वेधशाळेत सावली बघितली. तुम्ही बघितली का कधी सरकताना?"

"मी? कितींदा गेलोय."

"ते इचारलं न्हाई मी."

भय्यासाहेबानं विचार केला. "न्हाई," म्हणाला. "आम्ही थांबत न्हाई तेवढं."

चैत्रात लसूण मंडीत गेला. मी माझा गहू घेऊन निघालो होतो, त्याच ट्रॅक्टरवर त्याची लसणाची पोती चढवली. खोली रिकामी करायला घेतली तेव्हा वहिनी आडवी आली. खिडकीपाशी एक ढीग होता, चांगला मोठा. तो तिनं उचलू दिला नाही. भय्यासाहेब म्हणाला, "आता भाव बरा हाय, पुढं पडंल." ती म्हणाली, "पडू दे."

दोन दिवसांनी मी त्याच्या ओट्यावर बसलो होतो, तेव्हा फोन आला. नाशिकहून कोण एक बोलत होतं, नातं सांगत होतं. मला ते तिसऱ्या पायरीवरच सुटलं. मे महिन्यात येतो म्हणत होतं, मुलांना उज्जैन दाखवायचंय, बारा जण आहोत. भय्यासाहेबानं सदरा नीट केला आणि "या, या की, घर तुमचंच हाय" एवढं बोलला. मग त्यानं आत बघितलं. वहिनी दारात उभी होती.

भय्यासाहेब घसा साफ करून फोनात म्हणाला, "फक्त एक सांगून ठेवतो. आमच्याकडं झोपायची सोय लसणात हाय."

मग त्या माणसानं विचारलं, की फ्रीगंजात बरंसं हॉटेल कोणतं.

भय्यासाहेबानं त्याला दोन नावं सांगितली, रस्ताही समजावून दिला. फोन ठेवला आणि बायकोला म्हणाला, "सोमवारी मोटरसायकल काढतो. त्या सावलीला किती वेळ लागतो म्हनालीस?"

"तुम्ही पुऱ्या तळून घ्या," वहिनी म्हणाली, "तोवर सांगते."